पडद्यामागचा लामणदिवा

१

"तीन... दोन... एक!" माईकवरची उत्कर्षा ओरडली आणि सीना नदीच्या काठचे झाडून सगळे विजेचे दिवे गेले.

एवढी गर्दी, पण क्षणभर कुणी हूं की चूं केलं नाही. सोलापूरकरांना गप्प करणं म्हणजे काही खायचं काम नाही, हे विजयमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं. बाई एसटीतल्या निवृत्त कंडक्टर, बार्शी डेपोच्या. बाजाराच्या दिवशी दाराला लोंबकळणाऱ्या गड्यांना त्या नुसत्या आवाजावर खाली उतरवायच्या. तेव्हा ही शांतता बघून त्यांनाही कौतुक वाटलं.

उजेडफेरी नावाच्या या जत्रेचा हा शेवटचा देखावा होता. नदीकाठच्या वाटेवर संध्याकाळपासून नुसती झुंबड उडालेली. झाडांना लटकलेले कागदी मासे, दगडांवर रंगवलेली चित्रं, हलगीवाले, गाणारे, आणि जिकडेतिकडे रंगीत उजेड. वाटेच्या टोकाला, वाट आणि पाणी यांच्या मधोमध, सोलापुरी चादरींची एक उंच भिंत उभी केली होती. पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. नदीत प्रतिबिंब पडावं म्हणून चादरींवर पुढून झोत, तसेच मागूनही झोत. ही सगळी करामत रत्नदीपची. तो बाईंच्या गल्लीतला वायरमन, आणि आयुष्यातलं पहिलं मोठं काम त्याला मिळालेलं. त्याची बायको संघप्रिया अख्खी गल्ली घेऊन आली होती. लाल मोरासमोर उभं राहून तिने बाईंबरोबर फोटोसुद्धा काढला होता. "काकू, मागचा उजेड दिसला पाहिजे हं, तो आमच्या ह्यांचा आहे," असं वर बजावलंही होतं.

आता मधली चादर बाजूला सरकणार होती. मागे पाण्यावर टांगलेला असणार होता मैंदर्गीच्या चंद्रव्वांचा पितळी लामणदिवा. त्यांच्या सासूच्याही सासूने लावलेला, घराबाहेर कधी न निघालेला. एवढ्या अंधारात तो एकटा तेवणार होता.

चादर सरकली. मागेही अंधारच होता.

पुढच्या खुर्चीत बसलेल्या चंद्रव्वा काठीवर रेलून उठल्या. "यल्ली होय्तु? माझा दिवा कुटं हाय?"

दिवे भराभर लागले. बांबूंच्या तिकाटण्यावर नुसता आकडा हलत होता. फेरीचा आयोजक इंद्रजीत धावत आला आणि त्याने उत्कर्षाच्या हातातला माईक हिसकावला. "कुणीही जागचं हलू नका! दिवा चोरीला गेलाय. चादरींच्या मागे एकच माणूस होता, आपला लाईटवाला रत्नदीप. धरा त्याला! रत्नदीप चोर आहे!"

वाटेवरचे सगळे भोंगे, पार पुलाजवळच्या भोंग्यापर्यंत, एका आवाजात तेच बोलले. बाईंच्या शेजारी संघप्रिया उभी होती. तिच्या हातातला भेळेचा कागद खाली पडला.

२

विजयमालाबाईंनी तिचा हात धरला आणि गर्दीत घुसल्या. गर्दीतून वाट काढणं हे त्यांनी उभा जन्म केलेलं काम. "चला, सरका, पुढं जागा आहे," म्हणत त्या चादरींच्या भिंतीच्या टोकाला पोचल्यासुद्धा.

तिथे रत्नदीपच्या बटणांचा बोर्ड होता. चार स्वयंसेवकांनी त्याला धरलं होतं आणि त्याच्या शर्टाची कॉलर फाटली होती. "पोलिसांना फोन केलाय," इंद्रजीत घाम पुसत सांगत होता. "येतीलच. त्यांच्याच ताब्यात देऊ."

"काकू, मी दिव्याला हात लावला नाही," रत्नदीप म्हणाला. आवाज रडवेला झाला होता.

"पोलीस येईस्तोवर मला चार माणसांना चार गोष्टी विचारू द्या," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. पण ह्या पोराला मी चड्डीत असल्यापासून ओळखते. आणि चोर म्हणायला तुम्हाला तरी कुठं वेळ लागला?"

इंद्रजीत काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. चंद्रव्वा आल्या होत्या. "दिवा माझा हाय की," त्या म्हणाल्या. "ह्या बाईला इचारू दे. पोरीच्या तोंडाकडं बघवंना मला."

संपलाच विषय. बाई मागच्या बाजूला शिरल्या. चादरी आणि पाणी यांच्यामध्ये घाटाची अरुंद पट्टी. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला रत्नदीपचा बोर्ड, म्हणजे आत जायचं तर त्याच्यासमोरूनच. वारा लागू नये म्हणून दिव्याच्या अलीकडे एक तट्ट्या उभा केला होता. त्यामुळे बोर्डावरून दिवा दिसत नव्हता. दिवस मावळताना चंद्रव्वांनी स्वतःच्या हाताने वात लावली, त्यानंतर आत कुणीही पाय ठेवायचा नाही, असा इंद्रजीतचा सक्त हुकूम होता.

बाई तिकाटण्याजवळ गेल्या. एक बांबू जरा वाकडा झाला होता. त्यांनी खाली वाकून पाण्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पदर सावरून परत फिरल्या.

"रत्नदीप, तू बोर्ड सोडून हललास का?"

"नाही काकू. एक मिनिटही नाही."

"हात दाखव."

त्याने हात पुढे केले. दहाही बोटं तेलाने चकाकत होती, आणि वास होता एरंडेलाचा. चंद्रव्वांच्या दिव्यात एरंडेलच घातलेलं होतं.

स्वयंसेवकांपैकी एक जण हसला. 

३

"अहो, बोला ना काहीतरी," संघप्रिया नवऱ्याला म्हणाली. "काकूंना खरं सांगा."

"आजींबरोबर तेल मीच घातलं होतं," रत्नदीप म्हणाला. "त्यांचा हात कापतो. वात लावली त्यांनी, तेल ओतलं मी. कामाच्या गडबडीत हात धुवायला कुठं वेळ मिळाला?"

चंद्रव्वांनी मान डोलावली. "व्हय, ह्यानंच ओतलं. लई जपून ओतलं."

पण विजयमालाबाईंचं समाधान झालेलं नव्हतं. विनातिकीट माणूस कसा बघतो हे त्यांना माहीत होतं. तो कंडक्टरकडे सोडून सगळीकडे बघतो. रत्नदीप आत्ता तसाच बघत होता. पोरगा चोर नसेल, पण खोटं बोलतोय, हे त्यांना कळलं आणि त्यांचा त्याच्यावर मनस्वी राग आला. आपण याच्यासाठी इथे भांडतोय आणि हा आपल्यालाच बनवतोय!

"मघाशी भाकरीच्या स्टॉलवरचे दिवे गेले होते," त्या म्हणाल्या. "मी लांबून पाहिलं. मग ते लागले कसे? आपोआप?"

रत्नदीप तेलकट बोटं शर्टाला पुसू लागला.

"आरं सांग की!" हा आवाज गोजाबाईंचा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा त्यांचा स्टॉल, आणि हाताला पीठ तसंच. "म्या हाक मारली त्याला. अंधारात भाकरी कशी मोजून द्यायची? त्यो आला, वर चढला, वायर जोडली आन् गेला. त्यात काय चोरी हाय व्हय?"

"बोर्ड सोडला तर काम काढून घेईन, असं साहेबांनी बजावलं होतं," रत्नदीप खाली मान घालून म्हणाला. "पुढच्या वर्षीचंही काम मलाच देतो म्हणाले होते. म्हणून बोललो नाही."

"शाबास," बाई म्हणाल्या. "कामासाठी चोर व्हायला निघालास." पण त्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली होती. स्टॉलवर अंधार होता तेवढा वेळ बोर्डापाशी कुणी नव्हतं. जे झालं ते तेवढ्यातच झालं. "मग त्या वेळी कोण कुठे होतं?" त्यांनी सगळ्यांना विचारलं.

"मला विचारायचं असेल तर आधी त्याला विचारा," इंद्रजीत म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं. चंद्रव्वांच्या मागे त्यांचा पुतण्या अभिमन्यू उभा होता. काखेत पिशवी, आणि पिशवी चांगली टम्म फुगलेली. "नवीन घराच्या वास्तुशांतीला हाच दिवा हवा म्हणून काल आजींशी भांडला तो. मैंदर्गीत सगळ्यांनी ऐकलंय."

अभिमन्यूचा चेहरा पांढरा पडला. त्याने पिशवी पाठीमागे घेतली.

"पिशवी उघडा," विजयमालाबाई म्हणाल्या.

४

"उघडणार नाही," अभिमन्यू म्हणाला. "मी काय चोर आहे का?"

"ते उघडल्यावर कळेल."

तो चंद्रव्वांकडे वळला. "काकू, मी भांडलो ते खरं. दिवा घरातला आहे, घरातच राहावा एवढंच माझं म्हणणं. असल्या जत्रेत टांगायला कशाला द्यायचा? माझं ऐकलं असतं तर आज..."

चंद्रव्वांनी त्याच्या हातातून पिशवी ओढली आणि सरळ उपडी केली. आतून कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगाचटणीच्या पुड्या घरंगळल्या. त्याखालून आणखी एक गठ्ठा निघाला.

गोजाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तरीच म्हनलं! अंधारात एका गठ्ठ्याचं पैसं दिलंस आन् दोन उचललंस व्हय रं?"

अभिमन्यू लाजेने अर्धा झाला. पण एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. स्टॉलवरचे दिवे गेले तेव्हा हा गडी भाकरीच्या ढिगाशी होता, नदीच्या बाजूला नव्हता. हसावं की रडावं ते संघप्रियाला कळेना.

"आता तुम्ही दोघं," बाई उत्कर्षा आणि इंद्रजीतकडे वळल्या. "हल्ली माणूस जेवायच्या आधी फोटो काढतो. तेव्हा तोंडी काही सांगू नका. स्टॉलवरचे दिवे गेले त्या वेळचे फोटो दाखवा."

तिकीट मागावं तसा त्यांनी हात पुढे केला. उत्कर्षाने फोन दिला. हलगीवाल्यांबरोबर तिचे पाच-सहा फोटो होते. घोळक्यात उभी, तोंड वाकडं करून हसतेय, मागे पांढऱ्या चादरीवर लाल मोर. कडेला लांबवर भाकरीचा स्टॉल अंधारात बुडालेला दिसत होता.

"मला तर मागे जायचं होतं, दिव्याचा फोटो काढायला," ती म्हणाली. "पण सरांनी झापलं. कुणालाच जाऊ देणार नाही म्हणाले."

"आणि तुमचा?" बाईंनी इंद्रजीतकडे पाहिलं.

"माझा कशाला? चोरी माझ्याच कार्यक्रमात झालीय." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. मग त्याने फोन काढला. "हे घ्या. मी पुढे गर्दीत होतो. तेव्हाच स्टेटसला टाकलाय, वेळही आहे बघा वर. शंभर जणांनी पाहिलाय."

फोटो झकास होता. इंद्रजीतचा हसरा चेहरा, कडक इस्त्रीचा सदरा, मागे उजेडात न्हालेली चादर. वेळही बरोबर तीच. स्वयंसेवक माना डोलावू लागले. लांब पुलावरून पोलिसांच्या गाडीचा निळा दिवा फिरताना दिसला, आणि संघप्रियाने बाईंचा दंड घट्ट धरला.

बाईंनी फोटो पाहिला आणि फोन परत द्यायला हात पुढे केला. मग तो तसाच मागे घेतला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तिकीट चुकीच्या गाडीचं आहे."

५

"संघप्रिया, आपला मघाचा फोटो उघड गं. मोराचा रंग कोणता?"

"लाल. पांढऱ्यावर लाल."

"उत्कर्षाच्या फोटोत?"

"तोच. लाल मोर."

"आणि साहेबांच्या?"

संघप्रियाने फोनवर वाकून पाहिलं. तिचे डोळे विस्फारले. "पांढरा! लाल जमिनीवर पांढरा मोर आहे, काकू."

 जमलेल्यांतल्या एकालाही ते समजावून सांगायची गरज पडली नाही. सोलापुरात असं घर नाही जिथे पाहुणे दारात आले की मळलेली चादर झटकून उलटी अंथरत नाहीत. इकडून लाल मोर तर तिकडून पांढरा, इकडून पांढरी जमीन तर तिकडून लाल. ही सवय हातात इतकी मुरलेली की त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. इंद्रजीतचंही गेलं नव्हतं. त्याला मोर दिसला, मागे उजेड दिसला, आपला चेहरा छान आलेला दिसला, आणि मामला संपला.

"पुढच्या बाजूने लाल मोर," विजयमालाबाई म्हणाल्या. "पांढरा दिसतो तो फक्त नदीकडून. म्हणजे स्टॉलवर अंधार होता, रत्नदीप खांबावर चढला होता, तेव्हा तुम्ही चादरींच्या मागे होतात. पुढे गर्दीत नव्हता."

"फोटो... कदाचित आधीचा..."

"वेळ तुम्हीच दाखवलीत की. शंभर जणांनी पाहिलंय."

इंद्रजीतने ओठांवरून जीभ फिरवली. "बरं, गेलो असेन. आयोजक आहे मी. म्हणून काय दिवा चोरला? माझी झडती घ्या. चोरून ठेवणार कुठे?"

"चोरला असं मी म्हटलंच नाही. दिवा चोरीला गेलेलाच नाही." बाईंनी चंद्रव्वांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "अव्वा, पायरीपासल्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे. तुमची वात पायरीला चिकटलीय. चोर दिवा उचलेल, लपवेल, पळेल. भरला दिवा पाण्यात उपडा कशाला करेल? दिवा पडला आहे. आणि पाडणाऱ्याला तो चोरीला गेलेला हवा होता."

सगळ्यांचे डोळे इंद्रजीतवर.  चंद्रव्वा काठी टेकत त्याच्या पुढ्यात गेल्या. एवढीशी ती म्हातारी, त्याच्या छातीला जेमतेम लागेल एवढी.

"माझ्या उंबऱ्यावर दोनदा येऊन बसलास की रे," त्या म्हणाल्या. "अव्वा, जिवापाड सांभाळतो म्हनलास. म्हनून दिला मी. कुटं हाय माझा दिवा?"

इंद्रजीतचे खांदे पडले. "दुसऱ्या पायरीखाली," तो म्हणाला. "कपारीत सारलाय. मला फक्त एक चांगला फोटो हवा होता, आजी. पहिला टाकला, पण त्यात मोर पूर्ण आला नव्हता, म्हणून दुसऱ्यासाठी मोबाईलकडे बघत बघत पुढे सरकलो. बांबूत पाय अडकला आणि दिवा खाली आला. साखळी तुटली. उद्या पेपरात काय येईल, तुम्हाला काय तोंड दाखवू, काही सुचेना. दिवा लपवून कसाबसा बाहेर पडलो, तेवढ्यात तो बोर्डाकडे परत येताना दिसला..."

"आणि तुला चोर मिळाला," विजयमालाबाई म्हणाल्या.

अभिमन्यू बूट न काढताच पाण्यात उतरला होता. गुडघाभर पाण्यात वाकून त्याने कपारीत हात घातला आणि दिवा बाहेर काढला. वरच्या हंसाची मान वाकली होती, साखळीचे दोन तुकडे झाले होते. त्याने तो चंद्रव्वांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो पदराने पुसला, हंसाच्या मानेवरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पडला म्हनून सांगायचं की रे," त्या म्हणाल्या. "मी काय खाल्ली असती तुला? दुसऱ्याच्या लेकराला कशाला पुढं केलास?"

६

पोलिसांची गाडी आली, हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. चंद्रव्वांनी हात जोडून, तक्रार नाही म्हणून सांगितलं. स्वयंसेवकांनी रत्नदीपला कधीच सोडलं होतं. ज्याने कॉलर फाडली तोच आता त्याच्या पाठीवर थाप मारत होता. "जाऊ दे मित्रा, झालं गेलं."

इंद्रजीत जवळ आला. "रत्नदीप, चुकलं माझं. पुढच्या वर्षीचं काम तुझंच, शब्द देतो. आता लोकांना निरोप देऊ आणि..."

"माईकवर बोललात ना तुम्ही?" रत्नदीप म्हणाला. "मग माईकवरच सांगा."

"सांगतो ना. थोडा गैरसमज झाला होता, असं..."

"गैरसमज माझा झाला नव्हता. नाव घेऊन सांगा."

उत्कर्षाने माईक आणून इंद्रजीतच्या हातात दिला. इंद्रजीतने तो तोंडापासून वीतभर लांब धरला आणि पुटपुटल्यासारखं, घाईघाईने बोलून टाकलं. "दिवा चोरीला गेला नव्हता, तो माझ्याकडून पडला, लपवला मीच, रत्नदीपचा काही दोष नाही, धन्यवाद." पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. लोक चपला शोधू लागले.

संघप्रियाने टाळी वाजवली नाही. ती मागे वळून वाटेकडे बघत होती. पुलापर्यंत माणसं उभी होती, खांद्यावर पोरं घेतलेली, हातात भाकरीचे कागद असलेली, तिच्या गल्लीतली आणि हजार परक्या गल्ल्यांतली. "काय म्हणाला?" एक जण दुसऱ्याला विचारत होता. दुसऱ्याने खांदे उडवले. "लाईटवाल्याचं काहीतरी. पकडला म्हणे त्याला."

विजयमालाबाईंनी तोंड उघडलं, पण संघप्रियाने त्यांना हातानेच थांबवलं. ती बोर्डापाशी गेली, नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

"भोंग्याचं बटण कोणतं?" तिने विचारलं. त्याने दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं, आणि पुलाजवळचा भोंगा कर्कश किंचाळला. चालू लागलेली माणसं थांबून मागे बघू लागली.

मग ती इंद्रजीतपाशी आली आणि त्याचा माईक धरलेला हात मनगटाला धरून त्याच्या तोंडाजवळ नेला.

"मागे ऐकू गेलं नाही," ती म्हणाली, आणि ते अख्ख्या सीनाकाठावर ऐकू गेलं. "चोर म्हणालात ते पुलापर्यंत गेलं होतं. आता हे पुन्हा सांगा. सगळं."